पडताळणीची थंडाई

गुपितं सांभाळणाऱ्या ऑफिसात किस्से जरा जास्तच साठतात, कारण बाहेर सांगायची बंदी असते! मी देवासच्या अशाच एका सरकारी कारखान्यात क्लार्क होतो. गेटवर जेवणाचा डबासुद्धा उघडून दाखवावा लागे. नव्या उमेदवारांची चौकशी आमच्या खोलीत व्हायची. एक प्रश्न ठरलेला: "कधी नशा केली आहे?" पूर्वी केली म्हणून माणूस लगेच बाद होत नसे. कधी केली, किती केली, सुटली का आणि खरं सांगतोय का, हे पाहून सुरक्षा अधिकारी मंजुरी देत. आता मी रिटायर झालो. गुपितं तिथेच ठेवली, किस्से तेवढे घरी आणले.

*

आमचे साहेब, म्हणजे तेच सुरक्षा अधिकारी, दूर दक्षिणेचे, माजी फौजी. माळवा त्यांना नवा.

बागलीचा एक उमेदवार म्हणाला, "नशा? कधीच नाही!"

"भांग?"

"ती तर महादेवाची!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "साहेब, इकडे ती प्रसादात धरतात."

"म्हणजे 'हो' लिहू की 'नाही'?"

उमेदवारानेच सोडवलं. "जय भोलेनाथ लिहा ना!"

*

दुसऱ्या एकाची खात्री द्यायला त्याचे शेजारी आले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "साहब, छोरा हीरा है! गांजा पीता था, पर जिस दिन आपका कॉल आया, उसी दिन छोड़ दिया!"

"कॉल कधी गेला?" साहेबांनी मला विचारलं.

"परवा."

*

जुन्या लोकांचीही अधूनमधून फेरतपासणी व्हायची. आमच्या टायपिस्ट जोशीबाई सत्यवचनी. "मला तपकिरीचं व्यसन आहे," त्यांनी आपणहून सांगितलं.

साहेब सावरून बसले. "कुणी लावलं?"

"सासूबाईंनी."

"त्यांच्याशी अजून संपर्क आहे?"

"त्या गेल्या हो. डबी आहे."

*

आणि मग धारचा मंदार आला. स्टोअरमध्ये निवड झालेली, फक्त आमची मंजुरी बाकी. सरकारी नोकरीचं वय संपत आलेलं; ही गेली की संपलंच.

तो सरळ म्हणाला, "सर, इंदूरला कॉलेजात असताना गांजा ओढायचो. मग सोडला. पुन्हा हात लावला नाही."

इतकं स्वच्छ उत्तर साहेबांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यामुळे त्यांना संशय आला. "जो एवढं कबूल करतो, तो लपवत किती असेल!"

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं धारला त्याच्या घरी पोचलो. मंदार बाहेर गेला होता. त्याचे काका, रिटायर्ड मास्तर, साहेबांना हिंदीत म्हणाले, "हमारे खानदान में नशे का नाम नहीं!" मग माझ्याकडे वळून मराठीत, "पोराने उगीच शहाणपणा केला हो! सरकारी माणसाला कुणी खरं सांगतं का?"

मीही सरकारीच होतो.

काकूंनी थंडाई आणली. "कालची आहे, पण घरची आहे." रंगपंचमीची थंडाई न घेता पाहुण्याला कुणी उठू देत नाही. मी डायबिटीसवाला, म्हणून सुटलो. बाहेर ऊन कडक. साहेबांनी एक ग्लास संपवला, दुसरा घेतला.

तेवढ्यात मंदार आला. साहेबांच्या हातातला ग्लास पाहून दारातच थांबला. काका डोळे वटारून 'गप्प बस' म्हणत होते. मंदारने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे.

"सर, पुरे करा. त्यात भांग आहे."

"अहो, नावालाच घातलीय!" काकू म्हणाल्या.

"गेली नोकरी!" काकांनी कपाळावर हात मारला.

साहेबांनी ग्लास खाली ठेवला. रिकामा.

परतताना साहेब हसायला लागले, ते थेट इंदूरपर्यंत. इंदूर मागे पडल्यावर त्यांनी ड्रायव्हरला हळूच विचारलं, "गाडी चल रही है ना, भिया?" आमच्याकडचं हे 'भैया'ऐवजी 'भिया' त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं!

दुसऱ्या दिवशी साहेब वेळेवर आले. डोळे लाल, समोर मंदारची फाईल. ती उघडून म्हणाले, "एकदा नशा केलेल्या माणसावर विश्वास ठेवता येतो का?"

मी विचारलं, "कुणाबद्दल बोलताय, साहेब?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि मंजुरीचा रकाना शोधला.