दत्ताने उघडलेला व्हॉल्व्ह

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या कँटीनमध्ये रांगेत उभा होतो. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये काम करता करता खाली बसला आणि उठलाच नाही, म्हणाले. मी फोन खिशात ठेवला, ताट घेतलं, जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही. दीड महिना झाला, रडू अजून आलेलं नाही...

चाकणच्या आमच्या कंपनीत दत्ता सांडपाण्याचा प्लँट चालवायचा, मी पंपांचं मेंटेनन्स बघायचो. दोघंही लातूरकडचे, त्यामुळे डबा एकत्र. पाच वर्षांपूर्वी एका दुपारी टाकी काठोकाठ भरली. मॅनेजर आले. "सोड ओढ्यात. लाइन थांबवता येणार नाही." दत्ता म्हणाला, "साहेब, यात ॲसिड आहे." "सोड म्हटलं ना!" दत्ताने व्हॉल्व्ह उघडला. मी चार पावलांवर पाना घेऊन उभा होतो. आठवड्याभरात खालच्या गावातल्या विहिरी पिवळ्या पडल्या, ओढ्यावर पाणी प्यालेली जनावरं मेली. कंपनीने 'तांत्रिक बिघाड' असं पत्रक काढलं. चौकशीत मी सांगितलं, तेव्हा मी स्टोअरला गेलो होतो. गेलो नव्हतो. हे आज पहिल्यांदाच लिहितोय.

दत्ताने मात्र घडलं ते सगळं लिहून दिलं, साहेबांच्या नावासकट. त्याला लगेच काढलं; पुढे तो भोसरीच्या वर्कशॉपमध्ये लागला. मग एका रविवारी म्हणाला, "गाडी काढ, गावात जायचंय." तिथे एका म्हातारीची गाय मेली होती. तिच्या दारात उभा राहून म्हणाला, "मावशी, ते पाणी मी सोडलं. साहेबांनी सांगितलं, पण हात माझा होता." म्हातारी उंबऱ्यापर्यंत आली. "तू सोडलंस व्हय..." मग म्हणाली, "उन्हात नगं हुबा राहू. आत ये." मी गाडीवरून उतरलो नाही.

साहेब बढतीवर दुसरीकडे गेले. ओढ्याकाठी कंपनीने झाडं लावली, फलक लावला. गावाने कंपनीवर घातलेली केस चालूच आहे. माझ्या जबाबाबद्दल दत्ताने मला कधी एका शब्दाने विचारलं नाही.

तेराव्यानंतर वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी पलंगाखालून एक खोकं ओढलं. आत पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकीवर दत्ताच्या अक्षरात महिना आणि विहिरीच्या मालकाचं नाव. दर महिन्याच्या एका रविवारी तो गावात जाऊन पाणी भरून आणायचा, कोर्टात दाखवायला. मला पत्ताही नव्हता. एक बाटली रिकामी होती, त्या महिन्याची आणि गाय मेलेल्या मावशींच्या नावाची चिठ्ठी आधीच लावून ठेवलेली.

"त्या मावशींचा फोन आला होता," वहिनी म्हणाल्या. "हे का आले नाहीत विचारत होत्या. मला सांगवेना."

"मी जातो," मी म्हणालो.

बाटली अजून रिकामीच माझ्या घरी आहे. मध्ये चार रविवार गेले.