चाचांची रापी आणि माझा डावा हात

देऊळघाटच्या बाजाराच्या रस्त्यावर रशीदचाचांचं दुकान आहे. त्या दुकानाची पायरी मी पहिल्यांदा चढले ती काम मागायला. सासर सोडून, लहान लेकीला घेऊन माहेरी आले होते. भाऊ म्हणत होता, राहा. पण वहिनीच्या भांड्यांचा आवाज वेगळंच सांगत होता. शिवणयंत्र चालवता येत होतं, पण आमच्या गल्लीत घरटी एक यंत्र. माझ्याकडे ब्लाउज शिवायला कोण येणार? चाचा बैलांचा चामडी साज करत. मानेचे पट्टे, घुंगरांचे पट्टे, तोंडाला बांधायच्या मोरक्या. शिवण ती शिवणच, असा विचार करून मी गेले.

चाचांनी मान वर न करता विचारलं, "काय पायजे?"

"काम पायजे."

मग त्यांनी पाहिलं. आधी माझ्याकडे, मग कडेवरच्या लेकीकडे. "चामड्याचा वास सहन होईन का?"

"सासर सहन केलं चाचा, वासाचं काय घेऊन बसले?"

ते हसले आणि मला बसायला जागा करून दिली. आमची ओळख झाली ती अशी. आता चाचांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली म्हणून गावानं हा ग्रंथ काढला आहे आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसानं लिहावं, असं मंडळींनी ठरवलं. चाचांना हे सांगितलं तर म्हणाले, "लिही, पण लय गोड नको लिहू. लोकाले वाटन, म्हातारा गेला." तेव्हा बेतानंच लिहिते.

ज्यांनी ते दुकान आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. चाचांची हत्यारं एका फळीवर मांडलेली असतात. रेघ ओढायचं दुतोंडी लोखंडी हत्यार, भोकं पाडायच्या लहानमोठ्या आऱ्या, ठोकायची लाकडी मोगरी. शिवाय एक शिसवी तुकडा, त्याला बोट बसेल एवढी खाच. पट्ट्याची कड ओली करायची, त्या खाचेत धरायची आणि घासत राहायची, ती गोल आणि गुळगुळीत होईपर्यंत. सगळ्या हत्यारांच्या मुठी घामानं इतक्या काळ्या पडल्या आहेत की मूळ लाकूड कोणतं ते ओळखू येत नाही. पण खरी मालकीण रापी. रुंद पात्याची, बुटक्या मुठीची सुरी. म्हशीच्या जाड कातड्यातून पट्टा काढायचा तो तिनंच.

त्या काळी पोळ्याच्या आधी दुकानासमोर बैलगाड्या लागायच्या. तेल पाजलेल्या चामड्याचा वास रस्त्याच्या टोकापर्यंत जायचा. शेतकरी पायरीवर बसून बिड्या ओढत, बैलांच्या खोड्या सांगत. आता समोरच्या दुकानात नायलॉनचे लाल-पिवळे पट्टे लटकतात, आणि ट्रॅक्टरला मानेचा पट्टा लागत नाही. शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, शौकीन तेवढे अजून चामडं मागतात. ती गर्दी आठवली की माझा अजून जीव हळवा होतो, खोटं कशाला सांगू.

चाचांचा एक नेम होता. मानेचा कोणताही पट्टा गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी ते तो स्वतःच्या गळ्याला लावून खालीवर ओढत. जरा टोचलं की पुन्हा खाचेत. एकदा पोळ्याच्या आदल्या दिवशी एक शेतकरी अगदी घायकुतीला आला होता. "द्या ना चाचा, बैलाची कातडी जाड रायते, त्याले काय समजते?" चाचा घासतच राहिले. म्हणाले, "त्याले समजते. सांगता येत नाई, म्हणून मी सांगून राह्यलो." तो माणूस चरफडत बसला, पण पट्टा घेऊनच गेला.

आता माझ्या हाताविषयी. मी जन्माची डावरी. शिवायला, भोकं पाडायला त्याची अडचण आली नाही. पण दुकानाची रीत अशी की ज्याच्या हाती रापी तो कारागीर, बाकीचे मदतनीस. मदतनिसांना पोळा झाला की घरी जावं लागतं, कारागिराला बारमाही काम असतं. मला बारमाही भाकर हवी होती, म्हणून रापी हवी होती. चाचांनी कापायला तुकडे दिले. रेघ सरळ असायची, माझा पट्टा मात्र तिरका जायचा आणि कड उतरती पडायची. चाचा म्हणत, "डावा हात सोड बाई, उजव्यानं धर." आईही तेच म्हणे, ती तर लहानपणापासून म्हणत होती. उजव्या हातानं धरली तर पट्टा कसला, बोटच कापायची पाळी. पोळा आला, गेला. मी मनातून समजून चुकले की हे काही आपलं नाही.

हिशेब मिटवून घ्यावा म्हणून एक दिवस गेले तर चाचा माझ्या जागेवर येऊन बसलेले. रापी त्यांनी आपल्या डाव्या हातात धरली होती आणि जुन्या कातड्यावर पट्टे काढत होते. सगळे तिरके. त्यांनी पातं उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाले, "गलती माही हाये. तुया हाताले बोल लावत राह्यलो, अन् खोट रापीत हाये." रापीची धार एकाच अंगानं घासलेली असते. सपाट अंग पट्ट्याकडे, उतरतं अंग बाहेर. डाव्या हातात घेतली की सगळं उलट होतं आणि पातं पट्ट्यातच घुसतं. आयुष्यभर रापी वापरलेल्या माणसाला हे उमगलं नव्हतं, कारण त्यांच्या दुकानात डावरं माणूस कधी बसलंच नव्हतं.

चाचांनी फळीवरून त्यांच्या उस्तादांनी दिलेली रापी काढली. तिला ते कुणालाही हात लावू देत नसत. मी म्हटलं, "चाचा, ती नको, नवी आणू." "नव्याचं लोखंड मऊ येते," एवढंच बोलून ते दगडावर ती उलट्या अंगानं घासायला बसले. रोज दुकान आवरल्यावर घासत. धार पालटली आणि ती रापी त्यांच्या स्वतःच्या हाताला कायमची निकामी झाली. मला म्हणाले, "धर. आता तुही." त्या दिवशी माझा पट्टा सरळ गेला. मला आनंद झाला, आणि उस्तादांच्या रापीकडे पाहून लाजही वाटली.

पुढच्या पोळ्याला बीबी गावाकडचे एक मोठे बागायतदार साज न्यायला आले. काम त्यांना पसंत पडलं. कोणी कापलं म्हणून विचारलं, तर चाचांनी माझ्याकडे बोट केलं. मी तेव्हा कापतच होते. बागायतदारांचा चेहरा उतरला. "डाव्या हातानं? सणाच्या दिवशी बैलाच्या अंगावर डाव्या हाताचं काम घालायचं का चाचा?"

चाचा शांतपणे म्हणाले, "तुमच्या जोडीतला एक बैल डाव्या अंगालेच जुपता ना? मंग पोळ्याले त्याले काय गोठ्यातच ठेवता?"

पायरीवरचे सगळे हसले. बागायतदार हसले नाहीत. साज तिथंच ठेवून ते निघून गेले आणि पुन्हा कधी आले नाहीत. मी म्हटलं, "चाचा, माझ्यापायी गिऱ्हाईक गेलं." ते म्हणाले, "त्यानं कड पाहाले पायजे होती. हात काऊन पाहून राह्यला?" तो साज त्याच हंगामात रोहिणखेडच्या एका शेतकऱ्यानं नेला. चाचांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

माझी लेक शाळेत जायला लागली तेव्हा उरल्यासुरल्या कातड्याचा त्यांनी तिच्या दप्तराला पट्टा करून दिला. कड गोल केलेली, गळ्याला लावून पाहिलेली. दप्तरं फाटत गेली, पट्टा नव्या दप्तराला लागत गेला. लेक आता कॉलेजात आहे आणि त्या पट्ट्यानं आमची शेळी बांधलेली असते. चाची ईदला शीरखुर्मा पाठवतात तो पहिला आमच्याकडे, हेही इथं नोंदवून ठेवते, नाहीतर चाची रागावतील.

चाचांचे उस्ताद हिंदू होते. खंडेनवमीला हत्यारं बंद ठेवायची आणि दसऱ्याला गादीवरच्या माणसानं पहिला काप घ्यायचा, ही त्यांची रीत चाचांनी जशीच्या तशी पाळली. पहिला काप ज्याचा, वर्षभर दुकान त्याच्या शब्दावर चालतं. मागच्या वर्षी चाचांच्या उजव्या हाताला कंप सुटला. मुलगा पुण्याला नोकरीत रमलेला. दुकान आता बंद होणार, असं गावात लोक बोलू लागले. मी वरून काही दाखवत नव्हते, पण धास्तावले होते. या वयात पुन्हा कुणाची पायरी चढायची?

दसऱ्याला गेले तर चाचा गादीवर नव्हते. खाली दाराशी बसले होते. गादी झाडून ठेवलेली, पुढ्यात कातडं अंथरलेलं.

"बस," ते म्हणाले.

"चाचा, तुमी असताना?"

"मी हावच ना. बस तू."

मी बसले. पहिला काप घेतला. चाचांनी पट्टा हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला आणि बाजूला ठेवला. मग दोरा आणि मेणाचा गोळा पुढं ओढला. दोऱ्याला मेण लावणं हे आमच्या दुकानातलं सर्वात खालचं काम, नवख्याला देतात. कापऱ्या हातालाही ते जमतं. दोरा ओढता ओढता त्यांनी विचारलं, "बोला उस्ताद, याच्यानंतर काय करू?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मग डोळे पुसले आणि त्यांना काम सांगितलं. तेव्हापासून ते रोज विचारतात आणि मी रोज सांगते.

चाचांना निरोगी दीर्घायुष्य लाभावं, असं या ग्रंथात सगळेच म्हणतील. माझं मागणं जरा आपमतलबी आहे. पोळ्याचा हंगाम तोंडावर आला आहे, दोरा भरपूर लागणार आहे, आणि मी त्यांना अजून सुट्टी दिलेली नाही.