राजघाटावरचं हसू

वहिनींची आणि माझी शेवटची भेट दवाखान्यात झाली. दुपारची वेळ होती. समोरच्या पलंगावर एक म्हातारी बसली होती आणि तिची मुलगी मागे उभी राहून तिचे केस विंचरत होती. वहिनी बराच वेळ तिकडे बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "भाऊजी, तो पडदा चार बोटं सरकवा." मी सरकवला. "जास्त झाला. एक बोट मागे." मी मागे घेतला. खिडकीतलं ऊन त्या मुलीच्या हातांवर आणि म्हातारीच्या पांढऱ्या केसांवर येऊन थांबलं, आणि इतका वेळ जी दोन कंटाळलेली माणसं होती ती मलाही एकदम दिसली... कॅमेरा घरी होता. वहिनींनी नुसतं पाहिलं, "झालं" म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. आज त्याला सात आठवडे होतील.

शैलावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. बुऱ्हाणपूरच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, एकटाच राहिलो, आणि संध्याकाळचा चहा त्यांच्याकडे घ्यायचा हा नेम कधी मोडला नाही. त्या निवृत्त झाल्या त्या वर्षी त्यांच्या मुलानं इंदूरला नवा कॅमेरा घेतला आणि जुना इथे कपाटात ठेवून गेला. वहिनींनी तो सहज हातात घेतला, आणि पुढच्या दोन महिन्यांत त्याच्या माहितीपुस्तिकेची पानं सुटी झाली. मग त्या पहाटे उठून नदीवरच्या राजघाटावर जाऊ लागल्या. कधी फोपनारच्या केळीच्या बागांत, कधी बाजारात. साडीचा पदर कमरेला खोचलेला, गळ्यात कॅमेरा, हातात दादाची जुनी छत्री. शाळेच्या बाई म्हणून अर्धं गाव ओळखत होतं, त्यामुळे कुणी अडवत नसे. "बाई, हमारा भी एक खींचो," म्हणून भाजीवाले मात्र फार त्रास द्यायचे, आणि वहिनी त्यांचेही काढायच्या, प्रिंट करून नेऊनही द्यायच्या.

आमच्याकडे हौशी छायाचित्रकारांचं एक लहानसं मंडळ आहे. दर हिवाळ्यात ते स्पर्धा घेतं. नियम एकच, एका माणसाचा एकच फोटो. हा नियम वहिनींना फार आवडला होता. फोटो काढण्यापेक्षा निवडणं अवघड आहे असं त्या म्हणायच्या, आणि त्यांची निवडण्याची रीत मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. पाच-सहा फोटो त्या मोठे करून आणवत. आणवत म्हणजे मीच ते माझ्या संगणकात घेऊन लॅबमध्ये छापून आणत असे. मग मागच्या पडवीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर त्या ते चिमट्यांनी टांगत आणि महिनाभर तसेच ठेवत. दूधवाला, धुणंवाली, शेजारच्या काकू, जो येईल त्याला त्या फोटोंखालून वाकून जावं लागे. वहिनी कुणाला काही विचारत नसत. स्वयंपाकघरातून फक्त कान देत. ज्या फोटोबद्दल कुणाला, अगदी त्यांना स्वतःलाही, काही सांगावंसं वाटलं, तो फोटो त्या दिवशी दोरीवरून उतरत असे.

दादाला याचा फार जाच व्हायचा. "महिनाभर माझा टॉवेल दारावर. मी या घरात भाडेकरू आहे का?" असं तो रोज म्हणायचा आणि वहिनी रोज म्हणायच्या, "भाडेकरू असता तर वेळेवर घर सोडलं असतं."

एका वर्षी फोपनारचा एक फोटो होता, डोक्यावर केळीचा घड घेऊन चिखलातून येणाऱ्या माणसाचा. मला तो फार भावला होता. मी चहाचा कप ठेवून बोलायला लागलो, की यात बघा, कष्टाचं एक प्रकारचं शिल्पच तयार झालेलं आहे, मागची रांग म्हणजे जणू... वहिनींनी हात पुसले, उठल्या आणि फोटो काढून घेतला.

"अहो, मी अजून बोलतोय."

"म्हणूनच काढला. तुम्हाला एवढं बोलावं लागतंय म्हणजे फोटो गप्प बसलाय."

अशानं बक्षीस मिळेना. सहा वर्षांत एकदा उत्तेजनार्थ थर्मास मिळाला, त्याचं झाकण पहिल्याच दिवशी दादाकडून फुटलं. बाकी दरवर्षी सूर्यास्त आणि नावा जिंकत. मंडळाच्या लेखी वहिनी म्हणजे निवृत्तीनंतर छंद जोपासणाऱ्या एक उत्साही बाई होत्या. हे मला सलायचं. त्यांना सलत असेल तर त्यांनी कधी दाखवलं नाही.

मागच्या वर्षीचा तो फोटो मात्र वेगळा होता. राजघाटावर दहाव्याचे विधी चालतात, ते वहिनी लांबूनही टिपत नसत. त्या दिवशी त्या पायऱ्यांवर वेगळ्याच कशासाठी तरी बसल्या होत्या. खाली एका चाळिशीच्या माणसाचं डोकं न्हाव्यानं नुकतंच केलं होतं. मिशाही उतरवल्या होत्या. न्हाव्यानं सवयीनं आपला हातातला लहान आरसा त्याच्यापुढे धरला. त्या माणसानं आरशात बघितलं आणि तो हसला. असा हसला, की डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंड उघडं होतं, एक हात स्वतःच्याच टाळूवर होता. न्हावी दचकून त्याच्याकडे बघत होता. आरशात त्या माणसाचे फक्त ओठ आणि हनुवटी दिसत होती, आणि ते ओठ त्या चेहऱ्याचे वाटतच नव्हते, कुणा दुसऱ्याचे वाटत होते... वहिनींच्या हातून कॅमेरा कधी उचलला गेला ते त्यांनाही कळलं नाही.

तो फोटो दोरीवर लागला त्या महिन्यात पडवीतून जाणारं कुणी बोललं नाही. धुणंवाली बादली घेऊन उभी राहायची. दादा टॉवेलाची तक्रार विसरला. मी स्वतः रोज काही तरी म्हणायचं ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. एवढी वर्षं पुस्तकांत घालवली, पण सुतक आणि हसू एका चेहऱ्यावर असं एकत्र मावतं हे मला कुठल्या पानानं दाखवलं नव्हतं. हाच जाणार, हे कुणी म्हणालं नाही तरी ठरलं होतं.

पण वहिनींचा आणखी एक नेम होता. फोटोतल्या माणसाला दाखवल्याशिवाय फोटो स्पर्धेला जात नसे. न्हाव्याकडून पत्ता काढला. माणूस बहादरपूरचा, केळीची बाग असलेला, नाव विजय. आम्ही दोघं रिक्षानं गेलो. त्यानं आम्हाला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि वहिनींनी प्रिंट त्याच्या हातात ठेवला. तो बघत राहिला. मग आत वळून म्हणाला, "माय, इकडे ये बरं."

त्याची आई आली. तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "हे तं हे हायेत," ती म्हणाली.

मला क्षणभर उमगलं नाही. मग विजयनं सांगितलं. त्याचे वडील टकले होते, बिनमिशीचे. त्याचे स्वतःचे केस दाट, मिशा भरघोस. बापासारखा दिसतोस असं त्याला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. घाटावर त्यानं आरशात बघितलं तर समोर बाबा. "दहा दिवस रडलो होतो काकू. तिथं एकदम हसूच फुटलं. म्हटलं, हे तं इथंच बसेल हायेत." म्हाताऱ्याचा हसतानाचा एकही फोटो घरात नव्हता. भिंतीवर होता तो आधार कार्डावरून मोठा केलेला.

वहिनींनी स्पर्धेचं सांगितलं. विजयनं फोटो उलटा करून मांडीवर ठेवला. "काकू, तुमचा शब्द मोडत नाही मी. पण गावात भाऊबंद म्हणतील, बाप गेला अन् पोरगा दहाव्याला दात काढतोय. मी कोणाकोणाले समजावू?"

"नाही देत," वहिनी म्हणाल्या. लगेच म्हणाल्या, जणू त्यानं पाणी नको म्हटलं होतं. पिशवीतून कॅमेरा काढला, कार्डावरचा तो फोटो शोधला, त्याला जवळ बोलावून दाखवला आणि त्याच्यासमोर पुसून टाकला. प्रिंट त्याच्या आईच्या हातात दिला. "हा तुमचा. दुसरा नाही."

दुसरा होता. माझ्या संगणकात होता, कारण छापायला मीच नेला होता. मी तिथे ओट्यावर बसून काही बोललो नाही. परतताना रिक्षात म्हणालो, "वहिनी, ठेवायचा होता. दोन वर्षांनी त्याचं मन वळलं असतं."

"वळवायचं कशाला? केळी विकायला गेला बाजारात की त्याच्याकडे कुणी बघून हसू नये, एवढंच." मग थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "पण भाऊजी, काय फोटो होता, नाही?" आणि पुढे घरापर्यंत त्या बाहेर बघत होत्या.

त्या वर्षी त्यांनी दुसराच एक फोटो दिला, त्याला काही मिळालं नाही. बहादरपूरला मात्र त्या अधूनमधून जात राहिल्या, त्या माउलीला भेटायला. येताना केळीची फणी घेऊन येत.

वहिनी गेल्यावर महिन्याभरानं मंडळातून फोन आला. यंदा शैलाताईंच्या नावानं एक प्रवेशिका घेऊ, दालनात दर्शनी लावू, तुम्ही त्यांचा सगळ्यात चांगला फोटो निवडून द्या. दादा म्हणाला, "तूच बघ. मला त्यातलं काय कळतं." मी संगणक उघडला. तो फोटो उघडला आणि बराच वेळ समोर बसून राहिलो. सगळ्यात चांगला फोटो कुठला याबद्दल शंका नव्हतीच. हा एकदा भिंतीवर लागला असता तर वहिनी कोण होत्या हे सगळ्या गावाला एका नजरेत कळलं असतं. हा नाही लावला तर त्या उत्साही बाईच राहणार होत्या, कायमच्या. शनिवार शेवटचा दिवस होता. गुरुवारी मी बहादरपूरला गेलो.

विजय बागेतून आला होता, हातांवर केळीचा चीक होता. मी कशासाठी आलो ते सांगायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, "माहीत आहे काका. तुमच्याकडे कॉपी आहे ना."

मी ओट्यावर टेकलो.

"काकूंनीच सांगितलं होतं, दुसऱ्या खेपेले आल्या तेव्हाच. म्हणे, माझ्या दिरांकडे एक राहिला असेल, त्यांच्यानं तो पुसवणार नाही. पण तू काळजी करू नको, तुले विचारल्याशिवाय ते कुठंच देणार नाहीत."

म्हणजे वर्षभर... वर्षभर रोज संध्याकाळी मी त्यांच्यासमोर बसून चहा पीत होतो, मनात ती चोरी घेऊन, आणि त्या मला साखर पुरे का म्हणून विचारत होत्या. माझ्या वतीनं त्यांनी शब्द देऊन ठेवला होता आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता. गुरुवारपर्यंत मला स्वतःला खात्री नव्हती, की मी विचारायला जाईन. त्यांना होती.

"द्या काका," विजय म्हणाला. "काकूंच्या नावानं आहे तर द्या. त्यांच्यासाठी मी नाही म्हणत नाही." मग चीक लागलेले हात एकमेकांवर चोळत म्हणाला, "फक्त खाली नीट लिहा. मी काऊन हसत होतो, ते समजलं पाहिजे लोकांले. बाबांवर हसत नव्हतो म्हणा. तुम्ही लिहिता चांगलं."

मला तेव्हा ती दोरी कळली. इतकी वर्षं मला वाटायचं, वहिनी चांगला फोटो कुठला ते शोधतायत. त्या शोधत होत्या तो असा फोटो, की ज्यातल्या माणसाला नंतर कुणापुढे उभं राहून आपली बाजू सांगावी लागणार नाही. हा माणूस होकार देताना आत्ताच सांगायला लागला होता.

"नाही देत," मी म्हणालो. मला वाटलं होतं ते म्हणायला जड जाईल. विजयनं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि आईला चहा ठेवायला सांगितला. चहा झाल्यावर त्या माउलीनं कपाट उघडलं, लुगड्यांच्या घड्यांमधून तो प्रिंट काढून मला दाखवला आणि पुन्हा जिथल्या तिथे ठेवला. घरी येऊन मी संगणकातला पुसला.

शुक्रवारी वहिनींचे तीन फोटो दादाच्या पडवीत दोरीवर लावले. त्यांतल्या एकात धुक्यातली केळीची बाग, घडांना घातलेल्या निळ्या पिशव्या आणि दोन झाडांच्या मधून बाहेर आलेला एकच हात, घडाला खालून आधार देणारा... त्या फोटोसमोर दादा अंघोळ करून आला तो ओला टॉवेल हातात घेऊन थांबला. टॉवेलाचं पाणी फरशीवर ठिबकत राहिलं, आणि हाच जाणार हे ठरलं. तो हात ज्याचा, त्या फोपनारच्या माणसाला वहिनींनी तेव्हाच विचारलं होतं. त्यांच्या वहीत तशी नोंद आहे.

शनिवारी प्रवेशिका घेऊन गेलो. अर्जावर नावाखाली एक मोठी चौकट असते, छायाचित्राविषयी दोन शब्द लिहायला. दरवर्षी वहिनी ती मोकळी सोडायच्या आणि दरवर्षी मी म्हणायचो, मी लिहून देतो. टेबलावरच्या मुलीनं पेन पुढे केलं. "काका, इथं काही लिहायचंय?"

मी पेन तिला परत दिलं.