सरळ केलेलं तोंड

बत्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं आणि बत्तीस वर्षं पोरांची चित्रं सुधारली. झाडापेक्षा माणूस मोठा दिसला की माझा हात आपोआप खोडरबराकडे जायचा. "आमच्या बाईला सगला सरल लागतं," असं माझा नवरा आमच्या जामसर गावात कोणालाही हसत सांगायचा. तो शेती बघायचा, भात आणि थोडी नाचणी.

पक्षाघात झाला आणि त्याचं हसणं गेलं. हातपाय महिन्या-दोन महिन्यांत चालू लागले, पण तोंड डावीकडे वाकडं ते वाकडंच राहिलं. कोणी आलं की तो टॉवेलने तोंड झाकायचा. बोहाड्यात, म्हणजे आमच्याकडच्या मुखवट्यांच्या उत्सवात, एका सोंगाचा मान आमच्या घराकडे आहे. त्या सोंगाचा मुखवटा घालून इतकी वर्षं हाच नाचायचा. त्या वर्षी त्याने तो पुतण्याला दिला. मी म्हटलं, "मुखवट्याआड कोणाला दिसतंय तुझं तोंड?"

"उतरवल्यावर दिसंलच ना," तो म्हणाला.

जव्हारला गुरुवारी पक्षाघातातून उठलेल्या माणसांसाठी चित्रांचा वर्ग भरायचा. वर्ग घेणारी मुलगी आमच्या लेकीच्या वयाची. मी त्याला जवळजवळ ओढतच नेलं. ती सांगायची, डोळे मिटा, मनातल्या विहिरीत वाकून बघा आणि जे दिसेल ते कागदावर उतरवा. "हिरीत बेडूक दिसतं," हा म्हणाला, आणि तीन गुरुवार त्याने खरोखर बेडूकच काढले. मुलगी हसली. मी मात्र घरी येईपर्यंत त्याला बोल बोल बोलले.

चौथ्या गुरुवारी कागदावर माणूस आला. टोपी, मोठे कान, गालावरचा जुना व्रण आणि तोंड, डावीकडे ओघळलेलं, होतं तसं. काढताना टॉवेल कधी मांडीवर पडला, ते त्याला कळलंही नाही. मुलीने ते चित्र पाहिलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या माणसाकडे गेली.

मला बघवेना. बोहाड्याआधी मुखवट्याचा टवका उडालेला असला तर आम्ही लगदा लावून, रंग देऊन तो नीट करतो. फुटकं सोंग गावापुढे नेत नाहीत. त्याच मायेने मी खोडरबर घेतलं आणि चित्रातलं तोंड सरळ करून दिलं. चांगलं जमलंही होतं.

त्याने कागद डोळ्यांजवळ धरला. "यो कोन?"

"तूच की. बघ, कसा छान दिसतोस."

त्याने टॉवेल उचलला.

पुढच्या गुरुवारी तो न सांगता तयार झाला, म्हणून मी खूश होते. कागदावर पुन्हा टोपी आली, कान आले, व्रणही आला. मग कागद आणि पेन्सिल त्याने माझ्यापुढे सरकवली.

"तोंड तू काढ. तुला पायजेल तसा."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. पेन्सिल हातात धरून मी नुसती बसून राहिले.

त्यानंतर तो वर्गाला आला नाही. चारचौघांतही गेला नाही. दीड वर्षाने वारला, तेव्हा ती मुलगी भेटायला आली. म्हणाली, "काकांनी त्या दिवशी किती खरं चित्र काढलं होतं. मग यायचं का सोडलं त्यांनी?"

त्याने ते तोंड पत्करलं होतं. पत्करलं नव्हतं ते मी.

त्यांचे गुडघे दुखायचे, असं मी तिला सांगितलं.