उघड्या पाठीचा सदरा

आमच्या भावकीत मला अजून 'सासऱ्याच्या मौतीला हसलेली सून' म्हणूनच ओळखतात. लग्नकार्यात नव्या सुनांना माझी ओळख करून देताना कुणीतरी तोंडाला पदर लावून हे सांगतंच. मग त्या पोरी माझ्याकडं अशा बघतात की मी आता त्यांच्याही घरी येऊन हसणार आहे. हसले होते हे खरं आहे, खोटं कशाला बोलू? पण का हसले ते आजवर एकाही शहाण्यानं विचारलं नाही. म्हणून आज न विचारताच सांगते.

गोष्ट नव्वद सालानंतरची. माझं माहेर कऱ्हाटीचं, आणि सासर इंदापूर तालुक्यात, भिगवणच्या अलीकडं, धरणाच्या पाण्याला लागून. घरात चार माणसं. माझे मालक रोज मोटरसायकलवरून बारामतीच्या एमआयडीसीत कामाला जायचे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. सासऱ्यांना सगळा गाव तात्या म्हणायचा, म्हणून मीही तात्याच म्हणायचे. आणि चौथी मी. लग्नाआधी बारामतीत शिवणाचा कोर्स केलेला होता. मशीन माहेरनं दिलेलं होतं, ते ओसरीवर मांडून गावातल्या बायकांची पोलकी शिवायचे.

तात्या म्हणजे कपड्यांचं भारी वेड असलेला माणूस. डेअरीवर दूध घालायला निघाले तरी पांढरा सदरा, गळ्यापर्यंत बटणं, डोक्यावर टोपी. ऐन मे महिन्यात, गडी माणसं उघडीबंब झाडाखाली पडलेली असायची, तेव्हाही हे सदऱ्यात. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून त्यांना उघड्या अंगानं कधी पाहिलं नव्हतं. नातवाच्या वयाचं पोर दारात आलं तरी आधी टोपी शोधायची आणि मग 'कोण हाय रं' म्हणायचं.

अशा माणसाला लकवा मारला. उजवी बाजू गेली. हात कोपरात वाकून छातीशी आवळून बसला, तो काही केल्या सरळ होईना. वाचाही गेली. म्हणजे अगदीच गेली नाही, एक शब्द मागं ठेवून गेली. तो शब्द होता 'व्हय'. भूक लागली तरी व्हय, नको असलं तरी व्हय, राग आला तरी व्हय. सुरावरून ओळखायचं. आत्याबाईंना आणि मला आठवड्याभरात ते जमलं. बाकीच्यांना शेवटपर्यंत जमलं नाही, कारण त्यांना ज्या उत्तराची गरज होती ते आयतंच मिळत होतं.

बघायला येणाऱ्यांची तर रीघ लागली. आजारी माणसाला बघायला जाणं हा आमच्याकडचा मोठा कार्यक्रम आहे. मोसंबी घेऊन यायचं, चहा प्यायचा, आणि जाताना आपल्या पाहण्यातला असाच एक माणूस कसा दगावला ते पेशंटच्या उशाशी बसून सविस्तर सांगायचं. कान शाबूत असूनही तात्यांशी सगळे ओरडूनच बोलायचे.

"तात्याऽ! वळखलं का?"

"व्हय."

"मग सांगा बरं कोण मी?"

"व्हय."

"वळखलं बघा! आन तात्या, कारखाना यंदा चांगला चालंल न्हवं?"

"व्हय."

"काय म्हणायचं ह्या माणसाला! आंग पडलं, पण कारखान्यावरचा इस्वास न्हाय पडला."

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण खरी पंचाईत वेगळीच होती. तात्यांच्या अंगात सदरा जाईना. वाकलेला हात बाहीत घालायला गेलं की ते कळवळायचे. घातलाच कसाबसा, तर पाठीखाली चुण्या पडायच्या आणि तिथलं कातडं सोलायचं. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, दवाखान्यात घालतात तसला गाऊन घाला. हे ऐकून आमचे मालक असे तडकले की जणू डॉक्टरांनी तात्यांना साडी नेसवायला सांगितलीय. त्या काळात बारामतीतल्या बायकांनी गाऊन नुकता घरचा गणवेशच करून टाकला होता, खांद्यावर टॉवेल टाकून भाजीसुद्धा त्यातच आणायच्या. "माझा बाप गाऊन घालणार न्हाय," मालक म्हणाले. बापाला विचारलं का? विचारलं की. बाप 'व्हय' म्हणाला. झालं.

गाऊन नको, सदरा जमेना. मग राहिलं काय? तात्या उघडे, आणि वर एक चादर. जन्मभर बटणं गळ्यापर्यंत लावणारा माणूस ओसरीवरच्या खाटेवर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पुढ्यात, चादरीखाली उघडा. आणि येणारे काय करायचे माहितीय? चादर उचलायचे! "बघू, बघू, लकवा कुठवर आलाय?" म्हणायचे आणि खुशाल उचलायचे. लुगडं निवडायला आल्यासारखं. तात्या डाव्या हाताच्या मुठीत चादरीचा काठ धरून ठेवायचे. धड असलेला तो एकच हात, आणि त्याला दिवसभर हे एकच काम. "व्हय! व्हय!" करत ओरडायचे. लोक म्हणायचे, "बघा, हुरूप आला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आत्याबाई आत चुलीपुढं बसून डोळे पुसायच्या आणि वर मलाच म्हणायच्या, "धूर झालाय गं." डोंबलाचा धूर! चूल थंड असायची.

त्याच सुमारास शेजारणीनं तिच्या बाळासाठी झबली शिवायला टाकली होती. झबलं म्हणजे काय, पुढून अख्खं, मागून उघडं, आणि पाठीला दोन नाड्या. बाळाला उचलावं लागत नाही, हात पिळावा लागत नाही, पुढून चढवायचं आणि मागं बांधायचं. मी मशीनवर नाडी शिवत होते, समोर खाटेवर तात्या मूठ आवळून पडले होते. अगं बाई, मनात म्हटलं, आयुष्याच्या त्या टोकाला जे चालतं ते ह्या टोकाला का चालू नये?

इंदापूरच्या बाजारातून मऊ सुती कापड आणलं. सदरा पुढून बघाल तर अस्सल सदरा: ताठ कॉलर, पट्टी, बटणं. बटणं नुसती शोभेची, पट्टी शिवून टाकलेली. पाठ मधून उघडी, दोन्ही पदर बाजूला घेतलेले, म्हणजे अंगाखाली ना शिवण ना चुणी. उजवी बाही मनगटापासून मानेपर्यंत मोकळी, तिला टिचबटणं. आणि खिसा उजवीकडं लावला. का? तर तात्यांचा डावा हात तिथंच पोचत होता. पहिल्या खेपेला मान चुकली, दुसऱ्या खेपेला बाही तोकडी पडली. आडव्या माणसाचं माप उभ्या माणसासारखं घेऊन चालत नाही, हे कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं. उसवलं, पुन्हा शिवलं. आत्याबाई आधी म्हणाल्या, "म्हाताऱ्याला झबलं शिवतीस व्हय गं?" पण माप धरायला टेप मात्र त्यांनीच हातात घेतला.

कारखान्याची वार्षिक सभा होती त्या दिवशी गावातले झाडून सगळे बापये तिकडं गेले होते. सभेपेक्षा जेवणाची ओढ, पण ते जाऊ द्या. आत्याबाईंनी आणि मी तात्यांना सदरा चढवला. ते एकदाही कळवळले नाहीत. नाड्या बांधल्या, टोपी घातली, चष्मा खिशात ठेवला आणि आरसा समोर धरला. तात्यांनी बराच वेळ बघितलं. मग डाव्या हातानं आपला आपण खिशातून चष्मा काढला, डोळ्याला लावला आणि पुन्हा बघितलं.

"व्हय," म्हणाले. लकवा मारल्यापासून त्या शब्दाचा अर्थ पहिल्यांदाच 'होय' असा होता. आत्याबाई ह्या खेपेला धुराचं नाव न घेता रडल्या.

संध्याकाळी सभेहून मंडळी परत आली, आणि त्यांच्या पुढं आबा. आबा म्हणजे तात्यांचे चुलत भाऊ, भावकीचे पुढारी. खादीला कांजी इतकी की बसले की कपड्याचा आवाज यायचा. कुणाच्या घरात काय चालावं ते आबांनी ठरवायचं आणि आमच्या मालकांनी मान हलवायची, अशी वहिवाट होती. तात्यांना बघून सगळे दारातच थबकले. "आरं, तात्या तर पार बरं झालं की!" एकानंही चादरीला हात लावला नाही. सदऱ्यातल्या माणसाची चादर कोण उचलतंय? तात्या खिशावर हात ठेवून एखाद्या सभापतीसारखे पडून होते.

मग आबांना प्रेमाचा उमाळा आला. चहा पाजायला म्हणून त्यांनी तात्यांच्या पाठीमागं हात घातला. हात उघड्या पाठीला लागला, तसा इंगळी डसल्यासारखा मागं आला.

"ह्ये काय? पाठच न्हाय ह्याला! कुणी शिवलं ह्ये?"

"मी शिवलं," म्हटलं. "हात वाकत नाही त्यांचा. अशानं घालता येतो, पाठही सोलत नाही."

"आगं, पाठ फाडलेला सदरा मढ्याला घालत्यात! जित्या माणसाला घालतीस व्हय? लोक काय म्हणतील?"

"लोक आत्ताच म्हणाले की, बरे दिसतात म्हणून."

"उलट बोलतीया बघा," आबा आमच्या मालकांना म्हणाले. मालक जमिनीकडं बघत होते. मोटरसायकल हाणताना वाघ, आणि आबांच्या पुढं आले की कोकरू.

"काढा ते अशुभ," आबा म्हणाले आणि स्वतःच नाड्या सोडायला लागले. तात्यांनी डाव्या हातानं कॉलर धरली. "व्हय! व्हय! व्हय!" चेहरा लालेलाल, डोळ्यांतून पाणी.

"बघा," आबा म्हणाले, "त्यास्नी बी पटलंय."

सदरा निघाला, चादर आली. मी तो धुऊन, इस्त्री करून माझ्या ट्रंकेत ठेवला.

पण ठेवला म्हणजे गप्प बसले असं नाही. दुपारी बापये रानात गेले की आत्याबाई आणि मी अंगणाच्या दाराला कडी घालायचो आणि तात्यांना सदरा चढवायचो. तासभर तात्या मानानं आढ्याकडं बघत पडायचे, खिशातून चष्मा काढायचे, परत ठेवायचे. उसाच्या वाटेनं आबांच्या फटफटीचा आवाज आला की पटापटा नाड्या ओढायच्या आणि चादर पांघरायची. घालायला जितका सोपा तितकाच काढायलाही सोपा, माझ्या कोर्सचा फायदा झाला तो एवढाच. तात्यांना हे चोरून घालणं नकोच होतं. फटफटी वाजली की कॉलर धरून ठेवायचे. त्यांना लोकांसमोर सदऱ्यात राहायचं होतं. दुसरं काहीच मागत नव्हता तो माणूस. आणि मला रोज ती बोटं एकेक करून सोडवावी लागायची. त्या वेळी आबांना ज्या शिव्या मनात दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

वर्षभर असं चाललं. एक दिवस सकाळीच तात्या गेले.

घर माणसांनी भरलं. आंघोळ घातली. आबांनी भिगवणच्या दुकानातून नवाकोरा पांढरा सदरा आणवला होता, कॉलरला पुठ्ठा, टाचण्या तशाच. शेवटचं तरी नीट झालं पाहिजे, म्हणत होते. चौघांनी मिळून सदरा घालायला घेतला. वाकलेला हात जिवंतपणी सरळ झाला नव्हता, तो आता कुठून होणार? एकानं ओढलं, एकानं दाबलं, बाही उसवली. शेवटी आबा घाम पुसत आतल्या दाराशी आले.

"काय गं पोरी, तुझी कात्री आण. पाठीतनं उभा कापल्याबिगर न्हाय जमायचं." जाता जाता मागं वळून म्हणाले, "आन एखांदी नाडी बी बघ. मागनं बांधाय लागंल."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी उठले, ट्रंक उघडली आणि सदरा आणून आबांच्या हातात दिला.

"नवा कशाला कापताय, आबा? हा घ्या. पाठ आधीपासूनच उघडी आहे. नाड्याही लावलेल्या आहेत."

आबांनी सदरा बघितला. माझ्याकडं बघितलं नाही. घेऊन गेले. तात्यांच्या अंगात तो एका झटक्यात बसला. बसणारच, त्यांच्याच मापाचा होता. खिसा उजवीकडं आहे हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. टोपी घातली, कॉलर सारखी केली. आबा दोन पावलं मागं सरले आणि डोळ्याला उपरणं लावून म्हणाले,

"आता बघा. आता कसं माणसात आल्यागत दिसतंय!"

"व्हय," सगळी भावकी एका सुरात म्हणाली. "व्हय, व्हय."

आणि मी हसले.