जावयाच्या नावावरची दोन टिंबं

एका अक्षरावरच्या दोन टिंबांसाठी अख्ख्या अमरावतीचं डोकं खाणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या मावशीचा नवरा. अकोल्यात जन्मभर इतिहास शिकवून मावसोबा निवृत्तीनंतर अमरावतीत राजापेठेत राहायला आले. लेकीनं जर्मनीत परस्पर लग्न केलं तेव्हा त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. पुढे राग निवला आणि एकदा फोनवर त्यांनी जावयाला ‘जर्गन’ अशी हाक मारली. लेक शांतपणे म्हणाली, “बाबा, रागवा, पण नाव तरी नीट घ्या.” जावयाचं नाव युर्गेन. त्यातला उकार साधा नाही. रोमन लिपीत त्याच्या डोक्यावर दोन टिंबं असतात, ü अशी.

त्या दिवसापासून मावसोबा त्या टिंबांच्या मागे लागले. “तोंड ‘ऊ’ म्हन्यासारखं कर, अन् आतून ‘ई’ म्हन,” असं ते दारात येईल त्याला शिकवत. अकोटच्या एसटीत खिडकीशी बसून ओठांचा चंबू करून सराव चालला होता, तर कंडक्टर धावत आला. “काका, उलटी होऊन राहिली काय? गाडी थांबवू?”

मग त्यांना शोध लागला, की ही टिंबं इतर भाषांतही हिंडतात आणि दर ठिकाणी वेगळं काम करतात. द्राक्षवाल्याला गाठून ते म्हणाले, “तुर्की भाषेत द्राक्षाले ‘उझुम’ म्हनतात. दोन्ही उकारांवर टिंबं! तिकडे थे अक्षरच येगळं मोजतात.” द्राक्षवाल्यानं विचारलं, “अन् किलो कसे देतात?” स्पॅनिशमध्ये पेंग्विन लिहिताना तीच टिंबं फक्त एवढंच बजावतात, की मधला उकार गिळू नका. चिनी भाषा रोमन लिपीत लिहिताना ‘बाई’ या शब्दावरही ती बसतात. हे ऐकून मावशी म्हणाली, “त्यायच्या डोक्यावर दोन टिंबं, माह्या डोक्यावर तुमी.”

लेक-जावई पहिल्यांदा आले तेव्हा मावसोबांनी हॉल घेऊन सगळ्या नातलगांना बोलावलं. दारातल्या फ्लेक्सवर इंग्रजीत नावं होती आणि टिंबं गायब.

“काका, दोन टिंबांनी काय होते? कोन पाह्यते?” फ्लेक्सवाला म्हणाला.

“मी पाह्यतो ना!”

पाहुणे यायला लागले होते. मावसोबा स्टुलावर चढले खरे, पण गुळगुळीत फ्लेक्सवर पेन उमटेना. मावशीनं पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढून वर दिलं. दोन काळ्या टिकल्या उकारावर नीट बसल्या.

जावई आला आणि फलकावरची टिंबं बघून दारातच थांबला. मग वाकून मावसोबांच्या पाया पडला आणि घोटून आणलेलं एकच मराठी वाक्य बोलला, “बाबा, तिची काळजी करू नका.” त्याचा ‘ळ’ इतका शुद्ध होता, की ‘कायजी’ म्हणणारे आम्ही सगळे वऱ्हाडी एकमेकांकडे बघायला लागलो. मावसोबांनी चष्मा पुसला. “युर्गेन,” ओठांचा चंबू करून ते म्हणाले. लेकीनं मान डोलावली.

महिनाभरानं लेक-जावयाला बडनेरा स्टेशनवर गाडीत बसवून आम्ही परतलो. ऑटोत मावसोबा बाहेर बघत बसले होते.

“कावून गप्प झाले?” मावशीनं विचारलं.

ते म्हणाले, “पोरगा गुनाचा हाये. फक्त लय दूर राह्यतो.”