आंबलेली ज्वारी आणि माझं विज्ञान

आमच्या शहादा तालुक्यात माणूस उदास होत नाही, त्याला गॅस होतो. बायको सकाळी उठेनाशी झाली, भाजीत मीठ पडलं की नाही याची तिला फिकीर उरली नाही, तेव्हा गल्लीने एकमताने गॅसवर शिक्कामोर्तब केलं. मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. मीही चूर्णाची डबी आणली.

तिने जेवण सोडलं तेव्हा कुठे तिला नंदुरबारला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नैराश्य आहे असं स्पष्ट सांगितलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "आतड्यातल्या जंतूंचाही मनाशी संबंध असतो असं दिसतंय. खाण्याकडे लक्ष द्या. गोळ्या मात्र बंद करू नका." मला ऐकू आलं ते एवढंच: जंतू. म्हणजे गल्ली अगदीच चुकली नव्हती, आणि माझ्या हातात पुन्हा खडू आला.

मी वाचनाचा सपाटा लावला. आपल्याला न पचलेला कोंडा हे जंतू खातात, त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. ती आतड्याचं अस्तर सांभाळतात आणि त्यांची खबर रक्तातून, मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत जात असावी. 'असावी' हा शब्द शास्त्रज्ञांचा. मी तो गाळून गल्लीला शिकवू लागलो. बायकोला सकाळी ताक, दुपारी कोंड्याची भाकरी, संध्याकाळी जंतूंची कॅप्सूल. शिवाय रोज वही घेऊन प्रश्न: पोट साफ झालं? किती वेळा? ती नुसती मान हलवायची.

एके दिवशी आंबवलेल्या पदार्थांबद्दल वाचता वाचता मी थांबलो. मागच्या उन्हाळ्यात तिने बिबड्यांसाठी, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांसाठी, ज्वारी भिजत घातली होती. ती तीन दिवस आंबवायची, वाटून शिजवायची आणि ओल्या कपड्यावर थापून वाळवायची. एकेका घराचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी गल्लीतल्या साऱ्या बाया तिथे थापायला जमतात, शिजवलेल्या ज्वारीचा गरम घाटा तेल घालून खातात आणि वर्षभराचं बोलून घेतात. तिसऱ्या दिवशी घरात आंबूस वास सुटला, तेव्हा मी विज्ञानाच्या अधिकाराने "सडलंय" म्हणत पातेलं उकिरड्यावर रिकामं केलं. पहाटे बाया दारात आल्या आणि तशाच परत गेल्या. त्यानंतर ती कुणाच्याच बिबड्यांना गेली नाही. "आपलं व्हयनं नही, दुसरास्कडे कोन्ता तोंडघाई जाऊ?" म्हणाली होती; दुसऱ्यांच्या दारात जायला तिला तोंड उरलं नव्हतं. घर स्वच्छ राहिलं याचं मला समाधान होतं.

म्हणजे जंतू उकिरड्यावर फेकून मी ते कॅप्सूलमधून परत आणत होतो. आजार त्या एका पातेल्यातून आला असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत, मीही म्हणत नाही. पण मला स्वतःची लाज वाटली. शिजवल्यावर जंतू मरतात हे ठाऊक असूनही मी गुपचूप ज्वारी भिजत घातली आणि तिसऱ्या दिवशी, सवयीने, वही घेऊन तिच्या खाटेपाशी उभा राहिलो. "आज पोट कसं आहे?"

तिने कितीतरी दिवसांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पोटमाना जंतूस्नी इचारपूस रोज करतस तुम्ही. मन्ही कव्हय करशात?"

मी वही मिटून खाली जमिनीवर बसलो. "मन्हं चुकनं," म्हटलं. "तू सांग."

ती थोडं बोलली, बरंच रडली. मग स्वयंपाकघरातून येणारा तो आंबूस वास तिने ओळखला. "बायास्ले बलावा," एवढंच म्हणाली.

मी घरोघर गेलो. मागच्या वर्षी पातेलं मी फेकलं होतं, तिची काही चूक नव्हती, असं प्रत्येक उंबऱ्यावर सांगितलं. प्रत्येकीने विचारलं, "तिना गॅस कमी व्हयना का?"

"गॅस नही शे," मी म्हणालो. "ती भलती दुखी शे. तुम्ही या."